‘मध्ययुगीन’ हा शब्द कोणाच्या सोयीचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविता यावा, अशा कायदादुरुस्तीला मान्यता दिली. त्याचा निषेध करण्यासाठी आमच्या गावातील कार्यकर्त्यांनी एक पत्रक काढावयाचे ठरविले. मसुदा माझ्याकडे तपासावयास आला; कारण आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला निदान आकडे तरी तपासता येत असतील, असा आपल्या मंडळींचा समज आहे. आकडे बरोबर होते. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा, तिमाहीतील जादा कामाची ११५ तासांवरून १४४ तासांवर नेलेली कमाल, सारे नीट नोंदलेले होते. पहिले वाक्य मात्र असे होते : ‘सरकारचा हा निर्णय कामगाराला पुन्हा मध्ययुगात लोटणारा आहे.’ मी ते वाक्य खोडले. आमचे तरुण चिटणीस नाराज झाले. म्हणाले, “सर, यात चूक ती काय? शब्द झणझणीत आहे आणि लोकांना कळतो.”

त्या वेळी मी त्यांना पुरेसे उत्तर देऊ शकलो नाही. म्हाताऱ्या प्राध्यापकाची शब्दांविषयीची खोड, असे समजून त्यांनी ते सोडून दिले. ते उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आज आपल्या डोळ्यांदेखत, आजच्या कायद्याने, आजच्या नफ्यासाठी घडणाऱ्या अन्यायाला आपण जेव्हा ‘मध्ययुगीन’ म्हणतो, तेव्हा आपण आरोपीला मागच्या दाराने पळून जाऊ देतो. गुन्हा आपण पाहिलेला असतो, पण त्याचा दोष सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या माथी मारून मोकळे होतो.

प्रथम या शब्दाची जन्मकथा पाहू. इंग्रजीतील ‘मिडीव्हल’ हा शब्द लॅटिनमधील ‘मीडियम ईव्हम’, म्हणजे ‘मधला काळ’, यावरून घडविला गेला आणि तो इंग्रजीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात. कल्पना मात्र जुनी. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेट्रार्क याला प्राचीन रोमच्या वैभवानंतरचा काळ अंधाराचा वाटला. पुढच्या विद्वानांनी स्वतःला त्या वैभवाचे वारस ठरविले आणि रोम व आपण यांच्यामधली जवळजवळ हजार वर्षे ‘मधली’ म्हणून बाजूस सारली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील क्रिस्टोफ केलर या प्राध्यापकाने प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशी तीन भागांची मांडणी पाठ्यपुस्तकांत रूढ केली. म्हणजे जे लोक त्या काळात जगले, त्यांनी आपल्या काळास कधीही हे नाव दिले नाही. पंधराव्या शतकातील कोणी शेतकरी ‘मी मध्ययुगात नांगर धरतो आहे’ असे म्हणाला नाही. हे नाव मागून आलेल्यांनी ठेवले. ज्यांना स्वतःला उजेडातले म्हणवून घ्यावयाचे होते, त्यांनी ठेवले. शब्दातच एक फुशारकी दडलेली आहे.

युरोपसाठी शिवलेला हा अंगरखा आपल्या अंगावर कसा आला, तीही हकीकत उद्बोधक आहे. जेम्स मिल हा माझ्याच शास्त्राचा माणूस. त्याने १८१७ मध्ये ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास’ लिहिला. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता आणि येथील एकही भाषा त्याला येत नव्हती. या पुस्तकानंतर थोड्याच काळात ईस्ट इंडिया कंपनीने त्याला लंडनच्या कचेरीत नोकरीस घेतले. मिलच्या मांडणीतून हिंदू काळ, मुसलमानी काळ आणि ब्रिटिश काळ अशी वाटणी रूढ झाली. पहिल्या दोन काळांना राज्यकर्त्यांच्या धर्माचे नाव मिळाले. तिसऱ्याला ‘ख्रिस्ती काळ’ म्हणावयाचे मात्र कोणाला सुचले नाही. पुढे याच तीन कप्प्यांवर प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशा चिठ्ठ्या चिकटविल्या गेल्या. १९०३ मध्ये स्टॅन्ली लेन-पूल याने लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘मुसलमानी अमलाखालील मध्ययुगीन हिंदुस्थान’ असे आहे. चिठ्ठी बदलली, कप्पा तोच राहिला. आपल्या शाळांनी तो स्वीकारला, स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासक्रमांनी तो पक्का केला, आणि ‘मध्ययुगीन’ हा मराठी शब्द जणू यादवांच्या काळापासून चालत आला असावा, इतक्या सहजपणे आपण तो वापरू लागलो.

कालखंडाचे नाव म्हणून हा शब्द वापरण्यास माझी फारशी हरकत नाही. इतिहासकारांना कोठेतरी खुंट्या ठोकाव्याच लागतात. माझे भांडण आहे ते शिवी म्हणून त्याचा जो वापर होतो, त्याच्याशी. जातपंचायतीने वाळीत टाकले, की ‘मध्ययुगीन प्रकार’. मुलीला घरच्यांनीच मारले, की ‘मध्ययुगीन मानसिकता’. सावकाराने जमीन गिळली, की ‘मध्ययुगीन शोषण’. या वापरात काळाचा पत्ताच नसतो. ‘मध्ययुगीन’ म्हणजे रानटी, आणि ‘आधुनिक’ म्हणजे माणुसकीचे, एवढेच त्यात गृहीत असते. हे गृहीतकृत्य तपासून पाहिले, तर टिकत नाही.

युरोपातच पाहा. चेटकिणी ठरवून स्त्रियांना जाळणे हे मध्ययुगाचे लक्षण म्हणून सर्वत्र सांगितले जाते. वस्तुतः या छळाचा कहर झाला तो साधारणपणे १५६० ते १६५० या काळात, म्हणजे छापखाने चालू झाल्यावर, अमेरिकेचा शोध लागल्यावर, कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर. झाँ बोदँ हा फ्रेंच विचारवंत आम्हा अर्थशास्त्र्यांना आदरणीय आहे. अमेरिकेतून आलेल्या सोन्याचांदीमुळे किमती वाढतात, हे त्याने १५६८ मध्ये दाखविले. राज्याच्या सार्वभौमत्वाची आधुनिक व्याख्या त्याने १५७६ मध्ये केली. आणि १५८० मध्ये त्याच लेखणीने चेटकिणींना निष्ठुरपणे शासन कसे करावे, यावर ग्रंथ लिहिला. एकाच डोक्यात हे तिन्ही विचार नांदत होते. त्यांतला तिसरा तेवढा काढून ‘मध्ययुगा’च्या खात्यावर मांडावयाचा, ही हिशेबातली लबाडी आहे.

गुलामगिरीचेही तसेच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९० च्या शिरगणतीत सुमारे ७ लक्ष गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लक्षांवर गेले. मधल्या सत्तर वर्षांत घडले काय? १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची भूक लागली. गुलामगिरी हा जुन्या जगाचा उरलासुरला अवशेष होता, तर यंत्रयुग येताच तो आटावयास हवा होता. तो पाचपटीहून अधिक वाढला. अवशेष वाढत नसतो, साथींनो. जे वाढते, त्याला कोणीतरी खतपाणी घालीत असते. ते कोण, हे शोधणे हेच आपले काम.

आता आपल्याकडे येऊ. ज्या पत्रकावरून हा वाद निघाला, त्या कामाच्या तासांपासूनच आरंभ करू. मुंबईच्या कापडगिरण्यांत प्रारंभी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली. तेव्हा कामाच्या दिवसाला निदान सूर्य तरी मर्यादा घालीत होता. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची ती मर्यादाही गेली. कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगारांनी दंगे व संप करून त्यास उत्तर दिले. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला. १९२२ मध्ये तो ११, १९३४ मध्ये १०, आणि १९४६ मध्ये ९ तासांचा झाला. यांतला प्रत्येक तास संपाने, हरताळाने आणि तुरुंगवासाने कमी झालेला आहे. तेव्हा मंत्रिमंडळाचा निर्णय कामगाराला मध्ययुगात लोटीत नाही. तो त्याला १९११ मध्ये लोटतो. पत्रकात मी तेच वाक्य घातले. ते अधिक झणझणीत आहे, असे माझे मत आहे. कारण ‘मध्ययुग’ म्हटले की गिरणीमालकाचे नाव पुसले जाते आणि ‘१९११’ म्हटले की ते पुन्हा उमटते.

सावकारीचे उदाहरण घ्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने फोडली आणि कर्जरोख्यांची होळी केली. हा उठाव पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांनी शोधून शोधून जाळले ते कागद, कारण त्यांचा जीव घेणारी वस्तू कागदच होती. सावकार पूर्वीही होता आणि तो काही धर्मात्मा नव्हता. परंतु कुळाच्या नावावरची जमीन न्यायालयाच्या हुकूमनाम्याने लिलावात काढून स्वतःच्या नावावर करून घेण्याचे हत्यार त्याच्या हाती दिले ते इंग्रजी राज्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता म्हणे. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने साऱ्याची आकारणी वाढविली. शेवटी १८७९ मध्ये खास कायदा करून, रोख्यामागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना देणे सरकारलाच भाग पडले. ज्या सावकारीला दिवाणी न्यायालय, नोंदणी कचेरी आणि लँकेशायरची बाजारपेठ असे तीन खांब होते, तिला ‘मध्ययुगीन’ म्हणणे म्हणजे तिन्ही खांबांना निर्दोष सोडणे होय. जोतीराव फुले यांनी ही चूक केली नाही. १८८३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी धर्माच्या नावाने चाललेल्या लुबाडणुकीबरोबरच सरकारी खात्यांतील लुबाडणुकीचाही झाडा घेतला. जुनी भिक्षुकी नव्या कचेरीत खुर्ची टाकून बसली आहे, हे त्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखले होते.

येथे मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : “मग अस्पृश्यतेचे काय? ती तरी जुनीच ना?” होय, जुनीच. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडता आली नाही, ती काही इंग्रजांमुळे नव्हे. पेशवाईतील अस्पृश्यांची विटंबना कोणत्याही कारखानदाराने शोधून काढलेली नव्हती. मी भूतकाळाचा वकील नाही. परंतु अस्पृश्यता जुनी आहे, हे एक विधान झाले. ती आज केवळ जुनेपणाच्या जोरावर उभी आहे, हे दुसरे. दुसरे विधान खोटे आहे, आणि ते कोणाच्या फायद्याचे आहे, हे महाडच्या खटल्यात अगदी स्पष्ट झाले.

महाडचे चवदार तळे ही नगरपालिकेची मालमत्ता. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. त्यास अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह तेथे पाणी प्राशन केले. पुढे डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सनातनी मंडळींनी काय केले? त्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि मनाईहुकूम मिळविला. लाठी तर त्यांनी मार्चमध्ये चालविलीच होती. आता त्यांनी स्टँप-कागद चालविला. त्यांचे म्हणणे असे, की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, म्हणून कायद्याने तिला संरक्षण द्यावे. हा दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही.

वाचकांनी या खटल्यावर क्षणभर थांबावे. ‘ही चाल फार फार जुनी आहे’ हे कोण सांगत होते? वादी सांगत होते. बहिष्कार घालणारे सांगत होते. आणि ‘जुनेपण सिद्ध करा’ असे आव्हान कोणाच्या बाजूने दिले जात होते? आंबेडकरांच्या बाजूने. जुनेपण हाच जुलमाचा पुरावा म्हणून पुढे केला जात होता, आणि तो पुरावा न्यायालयात पडला. आता आपण आपल्या निषेधसभांतून ‘ही मध्ययुगीन प्रथा’ म्हणून गर्जना करतो, तेव्हा नकळत आपण वादींच्या बाजूने साक्ष देण्यास उभे राहतो. रूढीचा पुरस्कर्ता म्हणतो, ‘ही जुनी आहे, म्हणून चांगली.’ आपण म्हणतो, ‘ही जुनी आहे, म्हणून वाईट.’ जुनेपणाबद्दल दोघांचे एकमत होते आणि ती आज कोण चालवितो, हा प्रश्न दोघांच्याही मध्ये चिरडला जातो.

२००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हाही हाच शब्द वर्तमानपत्रांतून वाहत होता. त्या कुटुंबाची जमीन, त्या जमिनीवरचा वाद, मुलांचे शिक्षण, पोलिसांचे वर्तन या साऱ्या गोष्टी विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या होत्या. दलिताने जमीन राखावी आणि मुलीने शिकावे, ही गोष्टच मुळात नवी आहे. तिच्यावरचा प्रहारही त्यामुळे नवाच असतो. त्याला जुन्या काळाचे नाव देणे म्हणजे ज्या प्रगतीचा तो सूड होता, ती प्रगतीच न पाहणे होय.

आता एक कबुली. हा शब्द मी स्वतः अनेक वर्षे वापरला आहे आणि तो माझ्या तोंडून सुटला तो एका ऊसतोडणी कामगार बाईंमुळे. मराठवाड्यातील एका शिबिरात मी उचल, मुकादम आणि कोयता या पद्धतीवर बोलत होतो. ही ‘मध्ययुगीन वेठबिगारी’ आहे, असे मी म्हणालो आणि टाळ्याही मिळविल्या. भाषण संपल्यावर त्या बाई जवळ आल्या. म्हणाल्या, “सर, तुमी मागच्या जमान्याचं सांगितलं. पर आमचा आजा कवा ऊस तोडाया गेला न्हाई. त्याच्या टायमाला कारखानाच नव्हता. आमी जातो ते कारखान्यापायी.” मी निरुत्तर झालो. एका वाक्यात त्यांनी माझे कालखंडांचे सारे शास्त्र दुरुस्त केले.

हिशेब करून पाहा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाडगीळांविषयी माझ्या पिढीच्या अर्थशास्त्र्यांना वाटणारा आदर आजही तसाच आहे. परंतु सहकार भागधारक ऊसबागायतदाराचा होता. ऊस तोडणारा त्यात कोठेच नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. आज नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईची स्वतंत्र मजुरी कागदावरच येत नाही. हंगामापूर्वी उचल दिली जाते आणि ती फिटेपर्यंत पाय बांधलेले राहतात. एक दिवस खाडा झाला, तर दंड कापला जातो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या चौकशीत, बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या वा आजारपणाच्या दिवसांत काम बुडाले तर दंड. आणि त्यावर उपाय म्हणून खाजगी रुग्णालयातील शस्त्रक्रिया. भूल देण्याचे औषध, शस्त्रक्रियेचे टेबल, त्यासाठी पुन्हा घेतलेली उचल, यांतले मध्ययुगीन काय आहे? कोणत्या मध्ययुगात हे शक्य होते?

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही, हे आता ध्यानात यावे. ‘मध्ययुगीन’ असे निदान केले, की औषधही ठरून जाते : प्रबोधन करा, जागृती करा, शिबिरे घ्या, काळ बदलेल. ‘कारखान्याच्या खर्चाच्या हिशेबातून निघालेली पद्धत’ असे निदान केले, तर औषध वेगळे : तोडणी कामगाराला कारखान्याचा कामगार म्हणून मान्यता द्या, बाईची मजुरी तिच्या नावावर मांडा, खाड्याचा दंड बंद करा, १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीच्या व्यवहाराला लावा. पहिले औषध कोणालाही खुपत नाही. कारखान्याचे अध्यक्षच प्रबोधन शिबिराचे उद्घाटन करावयास येतात. दुसरे औषध काढताच तेच अध्यक्ष आपल्याला गावात सभा घेऊ देत नाहीत. कोणते निदान खरे, हे यावरून ओळखावे.

या शब्दाचा आणखी एक उपद्रव आहे आणि आजच्या काळात तो सर्वांत घातक आहे. मिलने केलेल्या कप्प्यांमुळे ‘मध्ययुगीन’ हा शब्द या देशात निधर्मी राहिलेला नाही. आपण तो उच्चारतो, तेव्हा आपल्या मनात सरंजामदार असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र सुलतान उभा राहतो. ११ जून २०१४ रोजी पंतप्रधानांनी लोकसभेत बाराशे वर्षांच्या गुलामीच्या मानसिकतेचा उल्लेख केला. बाराशे वर्षे हा आकडा मिलच्या दोन कप्प्यांची बेरीज आहे, हे किती जणांच्या ध्यानात आले? २०२३ मध्ये बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून मोगल दरबारांवरील प्रकरण वगळले गेले, तेव्हा आपण योग्य तोच निषेध केला. पण आपल्याच एका निषेधपत्रकात ‘शिक्षणाला मध्ययुगाकडे नेणारी मध्ययुगीन प्रवृत्ती’ असे शब्द मी वाचले आणि कपाळावर हात मारला. मध्ययुग म्हणजे केवळ अंधार, हे प्रतिस्पर्ध्याचे प्रमेय आपणच मान्य करावयाचे आणि मग त्या काळाचे प्रकरण का गाळले म्हणून भांडावयाचे, हे तर्काला धरून नाही.

आणि कोणता अंधार? चक्रधरांचे बोल, त्यानंतर १२९० मधली ज्ञानेश्वरी, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, पुढे एकनाथ आणि तुकाराम : मराठी भाषेला ज्यांनी बोलते केले, ती सारी माणसे या तथाकथित अंधारातलीच आहेत. शिवाजीमहाराजांचे राज्यही शाळेच्या पुस्तकात याच कप्प्यात पडते. त्या काळात जुलूम होता आणि जुलमाविरुद्ध शब्दही होता. आजही तेच आहे. कोणत्याही काळाला सरसकट शिवी देणे म्हणजे त्या काळात जुलमाविरुद्ध उठलेल्यांनाही जुलूम करणाऱ्यांबरोबर एकाच खड्ड्यात पुरणे होय.

काही मार्क्सवादी मित्र म्हणतील, की सरंजामी अवशेषांची चर्चा आपल्या चळवळीत जुनी आहे आणि ती तू मोडीत काढतोस. तसे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये आणि रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भारतातील सरंजामशाहीची मांडणी केली, ती शिलालेख, ताम्रपट आणि जमिनीची दाने तपासून केली. हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये भारतात सरंजामशाही होती काय, असा प्रश्न उभा केला, तोही उत्पादनाचे संबंध तपासूनच. ही चर्चा करणाऱ्यांत मतभेद तीव्र होते. पण कालखंडाचे नाव म्हणजे शिवी, असे त्यांच्यापैकी कोणी मानले नाही. आपण त्यांच्या पुस्तकांतील शब्द उचलला आणि परिश्रम मागे ठेवले.

दुसरा आक्षेप असा येईल, की शब्दाचा एवढा कीस काढण्याने चळवळ पुढे जाते काय? माझे उत्तर : शब्द चुकला, तर मोर्चा चुकीच्या दारावर जातो. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांना वाचता येत नव्हते, तरी जाळावयाचे काय, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आपण तर वाचतो, लिहितो, ठराव करतो. आपल्याला त्यांच्याहून अधिक नेमके असावयास काय हरकत आहे?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. यापुढे पत्रकात ‘मध्ययुगीन’ हा शब्द लिहिण्यासाठी हात उचलला, की तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. या अन्यायातून आज पैसा वा सत्ता कोणाला मिळते? कोणता कायदा, कोणता करार, कोणती कचेरी तो चालू ठेवते? आणि तो आज ज्या रूपात आहे, ते रूप त्याला केव्हापासून आले? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तर त्या शब्दाची गरजच उरणार नाही. उत्तरांचेच पत्रक होईल. उत्तरे मिळाली नाहीत, तर पत्रक काढण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजून पुन्हा वस्तीत जावे आणि ज्यांच्यासाठी आपण लिहितो, त्यांना विचारावे. माझ्या बाबतीत तरी उत्तर तेथेच मिळाले.

आमच्या चिटणिसांनी सुधारलेले पत्रक छापले. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर वाटताना एका कामगाराने त्यांना विचारले, “१९११ साली काय झालं होतं?” ते अर्धा तास त्याला सांगत उभे राहिले. ‘मध्ययुग’ लिहिले असते, तर त्याने काहीच विचारले नसते.